राऊंडराव

राऊंडरावांना सकाळी चहाआधी कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, धरण किती भरलं यातलं काही लागत नाही. रात्रीत कोणत्या कंपनीनं किती कोटी डॉलर उभे केले, एवढं कळलं की त्यांचं तोंड धुतलं जातं. त्यांचं खरं नाव आता बहुधा फक्त एचआरच्या कागदांवर उरलं असावं. सिरीज ए, सिरीज बी, सिरीज सी अशा फंडिंगच्या राऊंडांवर त्यांची एवढी भक्ती, की हे नाव आपसूक चिकटलं. त्यांनीही ते मानाच्या फेट्यासारखं मिरवलं.

पुण्याजवळच्या हिंजवडीला जाणारी कंपनीची बस हा त्यांचा वर्ग. मेट्रोच्या खांबांखाली बस ठप्प झाली की ते मागे वळतात आणि सुरू होतात. या मेट्रोमार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये बालेवाडीला झालं, तेव्हापासून बोलायला त्यांना वेळेची कधी टंचाई पडलेली नाही. "टेक्नॉलॉजीचं भविष्य कळायला टेक्नॉलॉजी कळावी लागत नाही. पैसा कुठं चाललाय तेवढं बघायचं. पैसा मूर्ख नसतो!" शेवटच्या वाक्याला ते समोरच्या सीटवर थाप मारतात. तिथं झोपलेला टेस्टिंगवाला दचकून उठतो.

त्यांच्याकडे एक एक्सेल शीट आहे. कंपनी, राऊंड, पैसे कोणी घातले, किती घातले, असे रकाने. सगळ्यात शेवटचा रकाना 'अर्थ'. बाकीचे रकाने काटेकोर भरलेले. 'अर्थ'मध्ये मात्र बहुतेक ठिकाणी 'काहीतरी मोठं येतंय' असं लिहिलेलं. आपण बारकाईनं पाहतोय असं दिसलं की ते लॅपटॉप मिटतात.

डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना ब्लॉकचेनचा साक्षात्कार झाला. अमेरिकेत लाँग आयलंड आइस टी नावाची, बाटलीतला गार चहा विकणारी एक कंपनी होती. तिनं नाव बदलून लाँग ब्लॉकचेन असं ठेवलं आणि तिचा शेअर एका दिवसात जवळजवळ तिप्पट झाला. राऊंडरावांनी ही बातमी हिंजवडी फेज टूच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली आणि चहावाल्याला म्हणाले, "उद्याच्या उद्या पाटी बदल. अमृततुल्य ब्लॉकचेन!" तो गाळणीतून मान वर न काढता म्हणाला, "साहेब, आधी मागची उधारी मिटवा. पाटी मग बघू." पुढच्याच वर्षी नॅस्डॅकनं त्या कंपनीला यादीतून काढलं. चहावाला आहे तिथंच आहे.

एकदा कोणीतरी त्यांना जुसेरोची आठवण करून दिली. ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. गुगल व्हेंचर्स, क्लायनर पर्किन्स अशा बड्या मंडळींनी मिळून तिच्यात सुमारे १२ कोटी डॉलर घातले होते. वाय-फायला जोडलेलं, शेकडो डॉलर किमतीचं रसाचं यंत्र. त्यात कंपनीच्याच पिशव्या घालायच्या. २०१७ मध्ये पत्रकारांनी त्या पिशव्या नुसत्या हातानं पिळल्या, तर रस जवळजवळ तेवढाच, तेवढ्याच वेळात. काही महिन्यांत कंपनी बंद. राऊंडराव क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे ट्रेंड रसाचा होता. यंत्राचा नव्हता."

पण त्यांची खरी कामगिरी २०१९ ची. जपानच्या सॉफ्टबँकेनं, ऑफिसातली टेबलं भाड्यानं देणाऱ्या वीवर्कमध्ये पैसा ओतला होता, जानेवारीत कंपनीचं मूल्य ४७ अब्ज डॉलर ठरलं होतं. राऊंडरावांनी ताडलं, की आता जग भाड्याच्या टेबलावर बसून काम करणार. टेबलं ठेवायला जागा हवी. जागा होती सासऱ्यांच्या वाईच्या वाड्यात, माडीवर. एका रविवारी ते टेप घेऊन माडी मोजायला गेले. सासरे शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, "जावईबापू, वाईत लॅपटॉप घेऊन बसणार कोण?"

"येतील. पैसा तिकडेच चाललाय."

"बरं. आणि जिना चढताना वाशाला डोकं आपटतं, त्याचं?"

"त्याला आपण हेरिटेज म्हणू."

गणपतीपर्यंत माडीला पांढरा रंग लागला, सहा टेबलं आली. सप्टेंबर संपता संपता वीवर्कनं शेअर बाजारात उतरायचा बेत मागे घेतला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. माडीवर मात्र एक भाडेकरू आला. मार्च २०२०, टाळेबंदी: स्वतः राऊंडराव, बायकामुलांसह. भाडं अर्थातच वसूल झालं नाही. सासूबाईंनी एका टेबलावर कुरडया वाळत घातल्या, त्या टेबलाचा तेवढा उपयोग झाला.

मेटाव्हर्सचं फार सांगत नाही. फेसबुकनं ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं, त्याच आठवड्यात यांच्या घरी डोळ्यांवर चढवायचा तो चष्मा आला. तो सध्या माळ्यावर, योगा मॅटच्या शेजारी आहे.

आता न्यायाचं बोलायचं, तर त्यांचं सगळंच खोटं नाही. भांडवल जिथं जातं तिथं पगार जातो, पगारामागून इंजिनिअर जातात, आणि त्यांच्यामागून पीजी, पोळीभाजी केंद्र आणि ट्रॅफिक. हिंजवडी याचा पुरावा म्हणून पुरेशी आहे. घोळ होतो तो पैसा कोणाचा आणि एकूण डाव किती, हे न बघितल्यानं. नव्या कंपन्यांत पैसे घालणारा व्हेंचर फंड बहुधा दहा वर्षांचा असतो. पैसा पेन्शन फंडांचा, विद्यापीठांचा, श्रीमंत घराण्यांचा. चालवणाऱ्याला दरसाल साधारण दोन टक्के फी, वर नफ्यात पाचवा हिस्सा. तो वीस-तीस कंपन्यांत पैसे टाकतो, ते त्यातल्या बऱ्याचशा बुडणार हे धरूनच. एकदोन अशा चालतात की बाकीच्यांचा खड्डा भरून वर उरतं. म्हणजे ज्या बातमीला राऊंडराव भविष्यवाणी समजतात, ती खुद्द पैसे घालणाऱ्याच्या लेखी तीस चिठ्ठ्यांमधली एक चिठ्ठी असते. राऊंडरावांकडे तीस चिठ्ठ्या कुठल्या? एक नोकरी, एक फ्लॅट, एक पत्नी आणि आठवड्याला एकच शनिवार-रविवार. शिवाय व्यवहार ठरून महिने लोटल्यावर बऱ्याचदा बातमी फुटते. हे पोचतात तोवर पहिली पंगत उठलेली असते.

त्यांच्याहून चांगला अंदाज मारुंजीच्या एका पीजीमालकांचा. यांच्या घरची काही जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर चार मजली इमारत उभी राहिली. एका संध्याकाळी राऊंडराव त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर कोण किती अब्ज लावतंय ते समजावत होते. मालकांनी तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"सायेब, ते एआय का काय ते मला कळत न्हाय. मी कॉट मोजतो. पोरं जॉइन व्हायला लागली की एका खोलीत चौथी कॉट टाकावी लागती. न्हाय झाली, की तिसरीबी रिकामी."

"आणि आत्ता?"

"तिसरी रिकामी हाय."

हे २०२३ चं बोलणं. वर्षअखेरीचे ताळेबंद पुढे एप्रिलमध्ये आले. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो, तिन्ही कंपन्यांची मनुष्यसंख्या घटली होती, मिळून सुमारे ६४ हजारांनी. राऊंडरावांच्या शीटमध्ये त्या काळासमोर 'काहीतरी मोठं येतंय' असंच लिहिलेलं होतं. तसं बघितलं तर चूक म्हणता येणार नाही.

गंमत म्हणजे जे खरंच मोठं होतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. जुलै २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ओपनएआयमध्ये एक अब्ज डॉलर घातले. फंडाचा पैसा नव्हे, कंपनीचा स्वतःचा. आणि त्याच्या जोडीला ओपनएआयचं काम मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर चालणार, असा करार. अशा पैशाकडे खरं तर थांबून बघावं. राऊंडरावांनी ती ओळ शीटमध्ये घेतलीही होती. पुढे शेरा: 'संशोधन संस्था. व्यावसायिक दृष्टी नाही. सोडून द्या.' त्या महिन्यात ते टेबलांचे भाव काढत होते. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि फेज वन ते फेज थ्री सगळे त्याच विषयावर बोलू लागले. तेव्हा राऊंडराव म्हणाले, "मी २०१९ लाच नोंद केली होती." हे अक्षरशः खरं आहे.

सध्या ते क्वांटम तंत्रज्ञानावर आहेत. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर केली, पाषाणच्या आयसरमध्ये क्वांटमचं केंद्र आहे, आणि पाषाण त्यांच्या घरापासून फार लांब नाही. एवढ्यावर त्यांनी एक ऑनलाइन वर्ग लावला आहे. "सरकारी पैसा आहे, म्हणजे घाई नाही. या वेळी आपण लवकर पोचतोय," असं ते सांगतात. वहिनींनी एवढीच अट घातली आहे, की क्वांटमचं जे काही यंत्र असेल ते घरात आणायचं नाही.

तुम्हाला ते बसमध्ये भेटले तर जरूर ऐका. बातमी पक्की असते, आकडा सहसा चुकत नाही, आणि वेळ बरा जातो. फक्त 'मग आपण काय करायचं?' एवढं त्यांना विचारू नका. उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, आणि त्यात पहिल्याच पायरीला तुमचा फ्लॅट विकायचा असतो.