दर वर्षी धोंडा

पंचांगातला अधिक मास दर 32-33 महिन्यांनी येतो. मोबाइल कंपन्यांचा दर वर्षी येतो. महिना 28 दिवसांचा धरला की वर्षाचे 13 रिचार्ज होतात आणि 364 दिवस सरल्यावर जो एक दिवस उरतो, त्यासाठी चौदावा मारावा लागतो. इतकं बारीक गणित एकाही पंचांगकर्त्याला सुचलं नाही. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा एक तरी पॅक ठेवायला लावलं. तो आहेच. फक्त मागून बघा, दुकानदार आधी आपलं तोंड बघतो, मग म्हणतो, ‘अठ्ठावीसचाच मारू ना?’

खारेगावपासून विटाव्यापर्यंत अख्ख्या कळव्यात धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायची रीत अजून टिकून आहे. तेरावा रिचार्ज हेही वाणच. मात्र घरचा जावई ताट हातात पडल्यावर निदान सासूला नमस्कार तरी करतो. हा जावई ताट घेतो आणि सासूला ‘हॅलो, आवाज येतोय का?’ करत गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून गच्चीवर पाठवतो. पूर्वी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की फोन तुटायचा, पण तेव्हा बोल लावायला डोंगर तरी होता. फेब्रुवारी 2022 पासून जलद गाड्या बोगदा सोडून कळवा-मुंब्र्यावरून जातात. फोन अजून तुटतो. डोंगर उगाच बदनाम झाला.

एके काळी हे जावई डझनभर होते. पानाच्या टपरीवर सिमकार्ड फुकट मिळायचं, वर टॉकटाइम. 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले आणि काहींनी गाशा गुंडाळला. 2016 च्या सप्टेंबरात जिओने फुकटची पंगत मांडली, तेव्हा उरलेल्यांतले बरेच भुकेने आडवे झाले. आता खासगीत तिघे राहिले, आणि तिघांचं एकमत वाखाणण्यासारखं आहे. जून 2024 च्या अखेरीस दोन दिवसांत तिघांनाही दरवाढीची प्रेरणा झाली. जिओचा 28 दिवसांचा 239 रुपयांचा पॅक 299 चा झाला. याला स्पर्धा म्हणतात.

तिघांपैकी व्होडाफोन आयडियाला मात्र खाल्लेलं अंगी लागेना. थकबाकी फेडता येईना, म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारने 16 हजार कोटींच्या येण्याऐवजी शेअर घेतले. किती? 33 टक्क्यांहून थोडे अधिक. अधिक श्रावण जुलैत लागायचा होता, पण सासऱ्याला दम निघाला नाही. एप्रिल 2025 मध्ये आणखी 36,950 कोटींचं वाण गेलं आणि सरकारचा हिस्सा 48.99 टक्क्यांवर पोचला. निम्म्याच्या आत आहे, म्हणजे कंपनी खासगीच.

सख्खे मुलगेही उपाशी नाहीत बरं. बीएसएनएलला 2022 मध्ये 1.64 लाख कोटींचं पॅकेज मिळालं, पुढच्याच वर्षी आणखी 89 हजार कोटींचं. देशी फोर-जी 27 सप्टेंबर 2025 ला वाजतगाजत आलं. खासगीवाल्यांचं फाइव्ह-जी तेव्हा तीन वर्षांचं होत आलं होतं. दुसरा एमटीएनएल म्हणजे आमचा, ठाणे-कळव्याचा. एके काळी त्याच्या काळ्या डबड्यासाठी वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी असायची आणि अख्खी चाळ लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा ‘पी.पी.’ नंबर छापायची. 31 जानेवारी 2020 ला दोन्ही भावांच्या मिळून 92 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. इतक्या जणांना एकाच दिवशी स्वेच्छा होणं हाही दूरसंचाराचाच चमत्कार. मग एमटीएनएलने सरकारी बँकांचे आठ हजार कोटींहून अधिक थकवले. म्हणजे बापाच्या एका खिशाने दुसऱ्या खिशाकडे वसुलीचा तगादा लावायचा.

2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. आमच्या मजल्यावरच्या मावशींनी यंदा अनारसे रद्द केलेत. ‘तुपात पडले की हसतात मेले, आणि जावई खाताना फोनमधून मान वर काढत नाही. त्यापेक्षा रिचार्जच मारून देते.’

‘वर्षाचा?’ मी विचारलं.

‘छे हो, अठ्ठावीसचा. पुढचं त्याचं तो बघेल.’