पट्टी बदला, बाक राहू द्या

बागेतलं बाक मोडलं असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्याची एखाद-दुसरी पट्टी मोडलेली असते. दोन बिडाचे नक्षीदार पाय आणि त्यांवर आडव्या सात लाकडी पट्ट्या, एवढाच त्याचा संसार. त्यातलं बीड चिवट. मुंबईत काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, इंग्लंडात ओतून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर १८६०च्या दशकापासून उभी आहे. तिची रया गेली, सांगाडा नाही. अख्खं हॉटेल पेलणाऱ्या बिडाला चार पेन्शनर, त्यांच्या राजकीय मतांसकट, सहज झेपतात. दमतं ते लाकूड; तेही टोकांकडून आणि बोल्टाच्या भोकांतून, कारण पाणी तिथूनच मुरतं. थोडक्यात, टिकणारा भाग महाग आणि कुजणारा भाग स्वस्त व सुटा, अशी सोय बाक घडवणाऱ्यानेच करून ठेवली आहे. एका पट्टीसाठी अख्खं बाक भंगारात घालणं म्हणजे दात पडला म्हणून आजोबा बदलणं.

यावर कुणी म्हणेल, मग कुजणारं लाकूड हवंच कशाला, ग्रॅनाइट बसवा, स्टील बसवा. जरूर बसवा, आणि एप्रिलात दुपारी एक वाजता त्यावर स्वतःही बसा. लाकूड उष्णता सावकाश सोडतं. स्टील ती तत्परतेनं पोचवतं, आणि कुठे पोचवतं ते उभं राहिल्यावरच सांगता येतं. पावसात ग्रॅनाइटवर तळं साचतं, पट्ट्यांमधल्या बोटभर फटीतून पाणी निघून जातं. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, त्यालाही ही फट हवीच. सागाची पट्टी घ्यावी, कडा रंध्यानं गोल कराव्यात, टोकांना आणि भोकांना तेलाचा जास्तीचा हात द्यावा, बिडाला रेड ऑक्साइड फासावा. बोल्टाचं डोकं घुमटासारखं गुळगुळीत हवं, नाहीतर बाक नवं होतं आणि लेंगा जुना.

तत्त्वज्ञ विचारतील, सातही पट्ट्या बदलल्यावर बाक तेच कसं? बाज नव्या सुंभानं विणली म्हणून ती शेजाऱ्याची होते का? काहींना जुन्या पट्ट्यांवर कोरलेल्या प्रेमाच्या खुणांची हळहळ वाटते. त्यातली बरीच मंडळी एव्हाना वेगवेगळ्या घरी सुखी असतील. पुरावा नष्ट होण्यात त्यांचंच हित आहे.

खरी अडचण लाकडाची नाही, नावाची आहे. ग्रॅनाइटच्या पाठीवर कुणाच्या प्रयत्नातून आणि कुणाच्या निधीतून ते आलं हे ठळक कोरता येतं. अडीच इंची पट्टीवर एवढं मावत नाही, आणि एका पट्टीचं उद्घाटनही करता येत नाही. म्हणून पावसाळ्याआधी अर्ज द्यायचा तर तो नव्या बाकासाठी देऊ नका. सात पट्ट्या, चौदा बोल्ट आणि दिवसभरासाठी एक सुतार, एवढंच मागा. इतकी स्वस्त मागणी मंजूर व्हायला वेळ लागेल. तोवर मोडक्या पट्टीच्या बाजूला सरकून बसा.