कपकेकनिर्णय

लग्नातल्या कपकेकविषयी धर्मशास्त्राच्या एकाही निबंधग्रंथात चकार शब्द नाही. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधू’ १६१२ सालचा, काशिनाथशास्त्री उपाध्यांचा ‘धर्मसिंधू’ १७९०च्या सुमाराचा. त्यांच्या वेळी गल्लोगल्ली बेकऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांना सोडून देऊ. पण महामहोपाध्याय पां. वा. काणे तर मुंबईत राहत होते आणि इराण्यांच्या बेकऱ्या त्यांच्या डोळ्यांदेखत नांदत होत्या. तरीही त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड, म्हणजे साडेसहा हजारांवर पाने, या विषयावर मौन पाळतात. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले ते योग्यच झाले, मात्र रिसेप्शनचे चारशे कपकेक कोणाकडे सांगावेत हे त्या ग्रंथातून कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रपंच.

मीमांसकांच्या अधिकरणाला विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती अशी पाच अंगे असतात. पैकी संगती इथे गाळली आहे, कारण लग्नघरात ती लागत नाही. विषय असा: पुण्यातले कार्यालय, वैशाखातला मुहूर्त, चारशे पाने, आणि वधूने मैत्रिणीच्या लग्नात पाहिलेले कपकेकचे तीन मजली स्टँड. संशय असा: बेकरी कोणती?

पूर्वपक्ष अर्थातच वधूचे काका मांडतात. लग्नात जिलबी-मठ्ठा असताना हे साहेबी थेर कशाला, असा त्यांचा सवाल. यावर उत्तर असे की लग्न आणि केक यांचा संबंध साहेबाहूनही जुना आहे. प्राचीन रोममध्ये उच्चकुलीनांच्या एका विवाहविधीत धान्याची पोळीवजा भाकरी देवाला वाहून वधूवरांनी ती वाटून खाण्याची प्रथा होती आणि त्या विधीचे नावच त्या धान्यावरून पडले होते. कपकेक त्यामानाने कालचे पोर. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या अमेरिकी पाकपुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे, आणि १८२८ साली एलायझा लेस्लींच्या पुस्तकात तो नावानिशी अवतरला. पुढे पावणेदोनशे वर्षे तो मुलांच्या वाढदिवसापुरता राहिला. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर १९९६ साली मॅग्नोलिया बेकरी निघाली, २०००च्या सुमारास एका टीव्ही मालिकेतल्या मैत्रिणी तिच्यासमोर बसून कपकेक खाताना दिसल्या, आणि तिथून ही साथ फैलावली.

काकांना याहून बळकट उत्तर घरातच मिळते. रुखवत म्हणजे तरी काय? वधूकडच्यांनी केलेल्या खाद्यवस्तूंचे, खाण्यापेक्षा बघण्यासाठी मांडलेले प्रदर्शन. रंगीत अनारसे, लाडवांचे मनोरे, साखरेचे तुळशीवृंदावन या परंपरेत कपकेकचा मनोरा बेमालूम बसतो. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत वधूबरोबर ‘वोजें’ पाठवतात, त्यात नारळ-गुळाचा बोल आणि चण्याच्या डाळीचे दोस असते. ते रुखवताचे सख्खे भावंडच. सबब कपकेक हे विहित. पूर्वपक्ष खंडित झाला असून काका आता फोटोग्राफरच्या बिलाकडे वळले आहेत.

बेकऱ्यांच्या प्रकारांकडे येऊ. मनूने विवाहाचे आठ प्रकार सांगितले, त्यांतले लागू पडतील तेवढे बेकरीला लावले तर शास्त्र आपोआप उलगडते. ब्राह्म विवाहात पिता स्वतः गुणवान वर पाहून, त्याला बोलावून कन्या देतो. म्हणजे स्वतः दुकानाची पायरी चढून, नाव ऐकून, माल पाहून दिलेली ऑर्डर. यात श्रम फार, पण फळ उत्तम. दैव विवाहात यज्ञ चालू असताना तिथे काम करणाऱ्या ऋत्विजालाच कन्या देऊन टाकतात. म्हणजे केटरर आधीच कार्यालयात घाम गाळतो आहे, तर कपकेकही त्यालाच सांगा. हा सोयीचा प्रकार आहे, परंतु मसालेभाताच्या हंड्याशेजारी थंड होत ठेवलेल्या केकला मसालेभाताचा वास येतो, हे ध्यानात असावे. आसुर विवाह द्रव्याच्या जोरावर होतो. मॉलमधली काचेची बेकरी, शंभर टक्के आगाऊ, आणि बदल केल्यास पैसे परत नाहीत. गांधर्व म्हणजे इन्स्टाग्रामवर परस्परांना पसंत पडणे, ज्यात वडीलधाऱ्यांना ऑर्डर गेल्यावरच कळते. राक्षस विवाहात बळजबरी असते. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई’ अशी पाटी लावून आपलाच ठेकेदार गळ्यात मारणारी कार्यालये यात मोडतात. म्हणून हॉलचा बयाणा देण्याआधी कपकेकचे विचारून घ्यावे. पैशाच प्रकाराची चर्चा सभ्य नियतकालिकात करता येत नाही.

गांधर्व प्रकाराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आजचा ओढा तिकडे आहे. २०२०च्या टाळेबंदीत घरोघर ओव्हन तापले आणि सोसायटीगणिक एक बेकरवाली ताई तयार झाली. चवीत त्यांचा हात धरणारे कमी. हात लोण्याचा, माया घरची, आणि व्हॅनिला इसेन्सचा दर्प नाही. परंतु इथे गणित आडवे येते. घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी फार तर बारा कपांचा ट्रे बसतो आणि त्याला वीस मिनिटे लागतात. चारशे कपकेकला चौतीस ट्रे, म्हणजे सहाशे ऐंशी मिनिटे, म्हणजे सव्वाअकरा तास नुसते भाजण्याचे. घोटणे, गार करणे, आयसिंग काढणे आणि मधेच वीज जाणे वेगळेच. पहिला ट्रे निघाला तेव्हा वधू मेंदी काढत होती आणि शेवटचा निघेपर्यंत ती अंतरपाटाआड उभी आहे. तेव्हा ताईंना साखरपुड्याचे साठ सांगावेत, लग्नाचे चारशे सांगू नयेत. आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक साठांनाही विचारावा. त्यांना राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याकडे क्रमांक नसतो.

आता मोजमापाचा गहन प्रश्न. मराठी माणूस केकचा विचार किलोत करतो. ‘अर्धा किलोचा सांगितलाय’ म्हटले की किती माणसे, कोणत्या पातळीचा वाढदिवस आणि किती जवळचे नाते, सगळे ऐकणाऱ्याला कळते. कपकेक नगावर मिळतो आणि तिथे आपली बुद्धी चाचपडते. चारशे पानांना चारशे नग हे उत्तर शाळेतले. लग्नात मुले दोन घेतात, एक खातात आणि एकाचे फक्त आयसिंग चाटतात. मधुमेही आजोबा आजींचा घेतात. ‘नको हो, पोट फुटेल’ म्हणणाऱ्या मावशी एक पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवतात, तो दुसऱ्या दिवशी पर्सच्या अस्तरावरून खरवडावा लागतो. उलटपक्षी, जिलबीची दुसरी फेरी झालेल्या पंगतीतले निम्मे पुरुष कपकेककडे बघतही नाहीत. दोन्ही प्रवृत्ती एकमेकींना छेदतात. अनुभवी बेकरीवाले पानांच्या पाऊणपट सांगतात आणि शहाण्याने त्यांचे ऐकावे. पुरे चारशे घ्या म्हणणारा माल खपवतो आहे. करातला दिलासा म्हणाल तर केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्क्यांवरून पाचवर आला आहे. बिलात तो उतरला का, हे व्याह्यांसमोर नव्हे, आदल्या आठवड्यात तपासावे.

यानंतर अंडे. ‘एगलेस आहे ना गं?’ हा प्रश्न कपकेकचा नसून कुळाचा असतो. केंद्राच्या नियमांनुसार अंडे घातलेला पदार्थ मांसाहारी ठरतो आणि त्यावर तपकिरी खूण येते. त्यामुळे आमलेट चालणाऱ्या घरांतही लग्नाच्या टेबलावर हिरवा ठिपका लागतो. अंडे केकमध्ये फेस धरते, तूप-पाणी सांधते आणि सांगाडा उभा करते. ते काढले की त्याची तीन कामे कंडेन्स्ड मिल्क, दही आणि सोडा यांच्यात वाटून द्यावी लागतात. सरकारी खात्यांप्रमाणेच इथेही तिघे मिळून एकाचे काम जेमतेम करतात आणि मागे सोड्याची चव उरते. तडजोड म्हणून काही घरे दोन्ही प्रकार मागवतात, अंड्याचे लाल कागदात आणि बिनअंड्याचे हिरव्या. हा सिद्धांत कागदावर निर्दोष आहे. मग केटररचा सतरा वर्षांचा पोरगा येतो, स्टँडकडे डोके तिरके करून बघतो, आणि शोभेसाठी एक लाल, एक हिरवा, एक लाल, एक हिरवा असा सुरेख मनोरा रचतो. पहिल्या रांगेतल्या आत्याबाई कागद सोलून टाकतात आणि पुरावा नष्ट होतो. सबब सगळे एगलेस घ्यावेत आणि जो बेकरीवाला एगलेसच्या नुसत्या ट्रेवर अभिमानाने बोलतो, त्यालाच काम द्यावे.

रंगाचे एक सांगायचे राहिले. आयसिंग पैठणीच्या मोरपंखी रंगाचे हवे, असा आग्रह हल्ली धरतात. गडद छटेला खाण्याचा रंग भरमसाट ओतावा लागतो आणि तो जिभेवर, दातांवर, ओठांच्या कडांवर बसतो. ग्रुप फोटोत विहीणबाई मनमोकळ्या हसल्या की वीस हजारांचा अल्बम वाया.

मूळ गाभा मात्र उष्णतेचा आहे. चवीचा विचार सगळे करतात, तापमानाचा कोणी करत नाही. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. पुण्यात वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. कार्यालयातले कूलर हवा फिरवतात, गार करत नाहीत. म्हणून लोण्याचे आयसिंग मंगलाष्टकांपर्यंत तग धरते आणि ‘सावधान’ला ढळते. यावर बाजाराचा तोडगा व्हिप क्रीम. ते बहुधा वनस्पती तेलाचे असते, गोठवलेले येते आणि फेटले की लोण्यापेक्षा जास्त वेळ उभे राहते. पण त्यातली चरबी तोंडातल्या उष्णतेला पुरती विरघळत नाही, म्हणून टाळूला मेणचट थर बसतो आणि पुढचा मठ्ठा वाया जातो. फ्रिजमध्ये ठेवू म्हणाल तर फ्रिजच्या गारव्यात केकमधला स्टार्च खोलीपेक्षा लवकर आखडतो, कपकेक शिळा लागतो, आणि बाहेर काढल्यावर त्यावर दव धरून रंग ओघळतात. म्हणजे बाहेर वितळणे आणि आत आखडणे, अशा दोन मरणांतून निवड करायची.

नमुन्याची परीक्षा म्हणूनच दुकानातल्या एसीत घेऊ नये. नमुना घरी आणावा, दुपारी पंख्याखाली दोन तास उघडा ठेवावा आणि मग तोंडात घालावा. माथा ज्वालामुखीसारखा फुटलेला असेल तर ओव्हन फार तापला होता किंवा बेकिंग पावडर सढळ पडली होती. कागद केकपासून सुटून बाजूला झुकला असेल तर गरम असतानाच डबा बंद करून वाफ कोंडली. हे दोष नमुन्यात दिसले, तर चारशेंत दिसणारच, कारण नमुना नेहमी घाई नसताना केलेला असतो. बेकरीचे कार्यालयापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, गतिरोधकांत मोजावे. प्रत्येक खोक्यात कप अडकवायला भोकांचा पुठ्ठा असावा. तो नसेल तर लकडी पुलाच्या तोंडाशीच कपकेक एकमेकांच्या गळ्यात पडतात.

उत्तरपक्ष. वैशाख-ज्येष्ठात आयसिंगचा हट्ट सोडून मावा केक घ्यावा. तो कागदी वाटीत बसतो, एका हातात मावतो, वेलचीचा वास देतो, डोक्यावर काही नसल्यामुळे वितळायला काही नसते, आणि घामाने चिंब वऱ्हाडी बशीशिवाय उभ्याउभ्या खाऊ शकतो. कपकेकच्या शास्त्रोक्त व्याख्येत तो पूर्ण बसतो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनासमोर मेरवान १९१४ साली निघाले, म्हणजे ब्लीकर स्ट्रीटची टूम निघण्याच्या ब्याऐंशी वर्षे आधी. पुण्यात कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवर १९५५ची कयानी आहे. श्रूजबेरीची रांग तिथे प्रसिद्ध असली, तरी मावा केक त्याच काउंटरवर मिळतो. पारंपरिक मावा केकात अंडे असते, हे आत्याबाईंना आधी सांगावे. बिनअंड्याचा मावा केक करणाऱ्या बेकऱ्याही आता आहेत. तुळशीच्या लग्नापासून माघापर्यंतच्या लग्नांना लोण्याचे आयसिंग खुशाल चालेल, स्टँडही तीन मजली घ्या.

बेकरीची निवड एका प्रश्नावर करावी, आणि तो आपण विचारायचा नाही. मे महिन्यातली दुपारची ऑर्डर सांगा आणि गप्प बसा. जो लगेच ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ म्हणतो, त्याच्याकडून उठा. जो हॉलमध्ये एसी आहे का, स्टँड खिडकीजवळ आहे का, डबे कोण उतरवून घेणार, असे विचारून शेवटी ‘या उन्हात बटरक्रीम मी देणार नाही’ म्हणतो, त्याला तिथल्या तिथे बयाणा द्या. आणि त्याला वेळ सांगताना पत्रिका वाचून दाखवू नका. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३६ मिनिटांचा असला तरी कपकेकला हात लागतो तो साडेतीनला. साडेतीनच सांगा.