नकलेची फी

प्रत्येक कुळात एक अण्णा असतात. ते नसले की त्या कुळाला आजोबांपलीकडचं काही ठाऊक नसतं आणि सगळे सुखात असतात. आमच्या सोसायटीतल्या अण्णांचं आडनाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं, तर तुमच्यातलं कोणीतरी त्यांच्या सातव्या पिढीच्या धाकट्या पातीत निघेल आणि अण्णा दोन सदरे आणि एक फुलस्केप वही घेऊन तुमच्याकडे मुक्कामाला येतील. जेवतील माफक, पण विचारतील फार.

अण्णा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या बिलांवर हरकती काढण्यात गेला. निवृत्तीनंतर हरकत घ्यायला बिलच उरलं नाही, तेव्हा त्यांनी पूर्वज काढले. या उद्योगात त्यांचं तत्त्व एकच आहे. "पूर्वज आपले. त्यांना भेटायला तिकीट कशाला काढायचं?"

हे तत्त्व तावूनसुलाखून निघालं ते त्यांच्या न्यू जर्सीतल्या पुतण्यामुळे. त्याने वंशावळी शोधून देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली. तीही डॉलरात. हे कळलं त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर विचारलं, "काय मिळालं रे एवढे पैसे मोजून?" पुतण्या प्रामाणिक. म्हणाला, "अण्णाकाका, माझाच जुना पत्ता मिळाला."

यात त्या संकेतस्थळाचा दोष नाही. अमेरिकेत खानेसुमारीचे कागद बहात्तर वर्षांनी लोकांना खुले होतात. १९५० सालचे २०२२ मध्ये झाले. घरोघरची माणसं, त्यांची वयं, धंदे, सगळं नावानिशी. वर बोटींच्या उतारूंच्या याद्या. तिथे वर्गणीला माल आहे. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम सांगतं, की खानेसुमारीत भरलेले कागद कोणालाही पाहायला मिळणार नाहीत. म्हणजे आपल्या पणजोबांना सरकारने मोजलं खरं, पण ते एक आकडा म्हणून. नाव सांगणार नाही. अण्णांना हे कलम तोंडपाठ आहे. पुतण्याचा फोन आला की आधी ते कलम ऐकवतात, मग खुशाली विचारतात.

तरी 'आधी चौदा दिवस फुकट पाहा' ही पाटी वाचून त्यांच्यातला हिशेबनीस जागा झालाच. फुकट पाहायलाही कार्डाचा नंबर द्यावा लागतो, आणि अण्णांकडे कार्ड नाही. असलं तरी त्यांनी ते दिलं नसतं. अधिक महिना होता. जावयाला वाण द्यायचा तो महिना. जावई जेवायला आला, अनारशाचं ताट घेऊन निघाला, आणि जाताना कार्डाचा नंबर देऊन गेला. चौदा दिवस झाल्यावर अण्णांनी मेव्हण्याच्या ईमेलवर नवं खातं उघडलं, मग मेव्हण्याच्या मुलाच्या. संपूर्ण आप्तवर्ग असा पाळीपाळीने चौदा-चौदा दिवस वंशशोधनाला लागला. त्यातल्या बहुतेकांना हे अजून माहीत नाही. जावयाला मात्र महिन्याचं स्टेटमेंट आल्यावर कळलं. अण्णा वर्गणी बंद करायला विसरले होते.

त्यानंतर त्यांना फॅमिलीसर्च सापडलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मॉर्मन चर्च ते चालवतं आणि ते खरोखर फुकट आहे. चर्चच्या श्रद्धेप्रमाणे गेलेल्या पूर्वजांसाठीही धर्मविधी करता येतात. त्यासाठी आधी पूर्वज माहीत हवेत, म्हणून ही मंडळी १९३८ पासून जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढत आली. सुमारे चोवीस लाख रिळं संगणकावर चढवण्याचं काम २०२१ मध्ये संपलं. अण्णांनी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा काकू ताक घुसळत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा पितृपंधरवडा बारा महिने चालतो म्हणायचा. आणि अहो, तुम्ही सख्ख्या वडिलांच्या श्राद्धाला पाच ब्राह्मण सांगायचे तर दोनच सांगता, तो भाग वेगळा."

त्या संग्रहात हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्याही आहेत. अण्णांनी कित्येक रात्री पानंच्या पानं पालथी घातली. त्यांच्या कुळातलं कोणी सापडेना. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्याकडचं कोणी हरिद्वारला गेलंच नसेल." ते विचारात पडले. म्हणाले, "शक्य आहे. खर्च येतो."

याच संकेतस्थळावर सगळ्या जगाची मिळून एकच वंशवेल आहे. कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडावं. अण्णांची आणि पुतण्याची खरी जुंपली ती इथे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे अण्णांच्या कुळात वर गणेशाचा महादेव, खाली महादेवाचा गणेश, पुन्हा गणेशाचा महादेव. यंत्राला वाटलं, एकाच माणसाची नोंद चुकून दोनदा झाली आहे. त्याने विचारलं, एक करू का? पुतण्याने हो म्हटलं. त्या क्षणी अण्णांचे पणजोबा स्वतःचेच आजोबा झाले. उलट बायकांच्या बाबतीत. माहेरची द्वारका, सासरी आल्यावर लक्ष्मी. यंत्राने तिच्या दोन बायका केल्या आणि अत्यंत एकपत्नी अशा खापरपणजोबांना दुसरा संसार मांडून दिला. दत्तकाचं तर विचारूच नका. एकाच माणसाला दोन बाप लिहिताना पुतण्या गोंधळला, त्याने एक बाप गाळला, आणि गाळला तो नेमका इस्टेट देणारा. "जन्म कोणीही देतो," अण्णा फोनवर ओरडले, "जमीन कोणी दिली ते लिही!"

शेवटी अण्णांनी जाहीर केलं की पडद्यावर पूर्वज मिळत नसतात, त्यासाठी पायपीट करावी लागते. पायपीट म्हणजे माझी गाडी. नाशिकला रामकुंडावर उतरलो तोच प्रश्न आला, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" दोन्ही सांगितल्यावर पाच मिनिटांत त्या गावाच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी पोचलो. गुरुजींनी कापडात बांधलेली लांबोडकी वही सोडली, चार पानं उलटली आणि बोट ठेवलं. सिंहस्थात आलेले अण्णांचे पणजोबा तिथे स्वतःच्या अक्षरात हजर होते. सोबत कोण आलं, भाऊ किती, मुलं किती, सगळं क्रमवार. ना खातं, ना पासवर्ड. मला भरून आलं. अण्णांनी माझ्या कानात विचारलं, "हे पैसे घेतात का?"

गुरुजींनी पाहण्याचे काही घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, की आता तुमचीही नोंद करू, पुढल्या पिढीला सापडेल. नोंद म्हटली की स्नान आलं, संकल्प आला, तर्पण आलं, दक्षिणा आली. शिवाय दोघांचं जेवण, माझं पेट्रोल, आणि 'आलोच आहोत तर' म्हणून त्र्यंबकेश्वर. परतताना मी गाडीतच बेरीज केली. पुतण्याची वर्गणी स्वस्त पडली असती. अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "दक्षिणा ही फी नव्हे. आणि पेट्रोल तुझं होतं."

घरबसल्या शोध चालतो तेव्हाही खर्चाचा काटा असाच दुसरीकडे फिरतो. भूलेखाच्या संकेतस्थळावर सातबारा नुसता पाहायचा तर फुकट आहे. सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. अण्णा अर्थातच नुसता पाहतात. तिथे मोबाइल नंबर टाकावा लागतो, तो ते माझा टाकतात. जुन्या कुलवृत्तांतांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य आहेत. त्या ते माझ्या कचेरीतल्या प्रिंटरवर छापतात.

मग मोडी आली. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा कागद म्हटला की मोडी, आणि मोडीवाचक पानावर पैसे घेतात. त्यातून २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, गावोगावची कोतवाल बुकं आणि शाळांची रजिस्टरं खाली उतरली आणि मोडी वाचणाऱ्याला फुरसत उरली नाही. अण्णांनी फुकटातली एक जुनी उजळणी उतरवून घेतली आणि आपली आपण मोडी शिकायला घेतली. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. ओळ एकसलग धावते. त्यामुळे पहिल्याच कागदात अण्णांना 'महाल' सापडला. सोसायटीच्या सभेत त्यांनी तो जाहीर केला. काही दिवस त्यांच्या चालण्यातही तो दिसत होता. पुढे एका जाणकाराने, चहाच्या मोबदल्यात, तो कागद पाहिला आणि सांगितलं, "अण्णा, 'मुक्काम हालविला' असं आहे ते. 'मुक्काम'चा म तुम्ही 'हाल'ला लावलात."

महाल गेला, हाल राहिले. पण अण्णा खचले नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, त्यांतून सरदेसायांनी निवडून छापलेले पंचेचाळीस खंड आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. अण्णा सगळीकडे जाऊन बसले. या बसण्यातून त्यांच्या हाती एक सिद्धांत लागला, आणि तो मला आजही खोडता आलेला नाही. ते म्हणतात, "आपल्याकडे कागद प्रेमाने उरत नाही. भांडणाने उरतो." १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं, इनामाचा हक्क सिद्ध करा म्हणालं, तेव्हा घराण्यांनी वंशावळी लिहून दिल्या. वतनाचा तंटा झाला तेव्हा कोण कोणाचा मुलगा हे साक्षीदारांनी सांगितलं. वाटणी झाली तेव्हा भावांची नावं एका कागदावर आली. जे गुण्यागोविंदाने राहिले त्यांचं नावही कुठे उरलं नाही, आणि ज्यांच्याकडे भांडायला तुकडाभरही जमीन नव्हती त्यांचं तर मुळीच नाही. "भाऊबंदकी हेच आपलं अभिलेखागार," असं अण्णा म्हणतात आणि आपल्या भावबंदांकडे कृतज्ञतेने पाहतात.

या सिद्धांताच्या बळावर ते जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये वतनाच्या एका जुन्या तंट्यापर्यंत पोचले. मी सोबत होतो, कारण गाडी माझी होती. कागद जीर्ण, शाई तपकिरी. खापरपणजोबांनी निकालाची नक्कल मागितली होती. अर्जाच्या समासात कारकुनाचा शेरा होता. सोबत आणलेल्या मोडीच्या जाणकाराने तो सावकाश वाचला. अर्जदाराने नकलेची फी भरली नाही, सबब नक्कल दिली नाही.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचायला लावलं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "आमचेच आहेत रे! पुरावा नको आता!" त्यांनीही त्या कागदाची नक्कल घेतली नाही. फी होती. खिशातल्या पेन्सिलीने उतरवून घेतला.

एवढी सामग्री जमल्यावर कुलसंमेलन ओघानेच आलं. अण्णांनी भिंतभर फ्लेक्सवर वंशवेल छापली. जुन्या कुलवृत्तांतांत लेकींची एका ओळीत बोळवण असते. अण्णा पडले हिशेबनीस, त्यांनी जमेची बाजू पुरी लिहिली. आत्या, आत्यांच्या आत्या, त्यांची सासरं, त्यांची मुलं. सगळ्यांना फार बरं वाटलं. जेवणं झाल्यावर एका आत्याचा नातू फ्लेक्सचा फोटो काढून घेऊन आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "अण्णामामा, या वेलीप्रमाणे फेरफाराला आमच्या आजीचं नाव लागायला हवं होतं ना?" संध्याकाळपर्यंत हॉलच्या चार कोपऱ्यांत चार बैठका चालू होत्या. अण्णांच्या सिद्धांतानुसार पुढच्या शंभर वर्षांच्या कागदपत्रांची सोय झाली.

आणि आता कुलवृत्तांताचं पुस्तक. छपाई महाग, कागद महाग. तेव्हा अण्णांनी सर्व शाखांना पत्रक धाडलं. प्रकाशनपूर्व सवलतीची रक्कम आगाऊ भरावी. फोटो छापायचा असल्यास जादा आकार. एकाच पिढीची माहिती हवी असल्यास वेगळा दर. पुतण्याने ते पत्रक वाचून न्यू जर्सीहून फक्त एवढंच विचारलं, "अण्णाकाका, चौदा दिवस फुकट बघता येईल का?" अण्णांनी त्याला उत्तर दिलं नाही.

बाकीच्या शाखांकडून मात्र उत्तरं आली. विदर्भातून आली, बडोद्याहून आली, इंदूरहून आली, एक ऑस्ट्रेलियाहून आलं. अण्णांनी मला बोलावलं आणि फोन पुढे केला. मी एकेक वाचत गेलो. अभिनंदन, फार मोठं काम, पूर्वजांचे आशीर्वाद. आणि प्रत्येकाच्या शेवटी, शब्दांचा थोडाफार फरक सोडता, एकच ओळ. पीडीएफ असेल तर पाठवा ना.

काकूंना वाटलं, हे आता आडवे होणार. अण्णा आडवे झाले नाहीत. त्यांनी फुलस्केप वही ओढली, एका शाखेपुढे कित्येक दिवस घातलेलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि म्हणाले, "या इंदूरवाल्यांबद्दल मला शंका होती. आता नाही. लिहून घे, आपलेच आहेत."