फोन जिंकला, नोंदवही कुठे गेली?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एक वाद जोरात होता. एका खिशात मोबाइल, दुसऱ्या खिशात पामचा ऑर्गनायझर नाहीतर कॅसिओची डिजिटल डायरी. यातलं एक जाणार हे नक्की, पण कोणतं? निकाल लागून जमाना झाला. फोन राहिला. पत्ते, भेटीच्या वेळा, कामांची यादी आणि टिपणं, ऑर्गनायझरची चारही कामं त्याने गिळली. तरी मला हा निकाल पुन्हा उघडायचा आहे. यंत्र गेलं त्याचं मला दुःख नाही. त्या यंत्राने स्वतःवर घालून घेतलेल्या अटी त्याच्याबरोबर गेल्या, आणि त्या आपण मुकाट्याने जाऊ दिल्या, याचा मला राग आहे.

त्या अटी कुठून आल्या ते पाहा. अमेरिकेत पाम कंपनी काढणाऱ्या जेफ हॉकिन्स यांचं आधीचं हातातलं यंत्र, झूमर, आपटलं होतं. अॅपलचं न्यूटन १९९३ साली आलं. ते अक्षर ओळखताना चुकायचं, शर्टाच्या खिशात मावायचं नाही आणि किंमत सातशे डॉलरच्या घरात. मग हॉकिन्स यांनी पुढचं यंत्र बनवण्याआधी लाकडाचा एक ठोकळा कापला आणि तोच खिशात घालून ते वावरू लागले. कुणी भेट ठरवायला लागलं की ठोकळा बाहेर काढायचा, त्यावर काडीने टिचक्या मारायच्या आणि हे काम किती टिचक्यांत उरकलं पाहिजे ते स्वतः अजमावायचं. त्यातून चार गोष्टी पक्क्या झाल्या. यंत्र खिशात मावलं पाहिजे. संगणकाशी विनासायास जुळलं पाहिजे. कागदाच्या वहीइतकं झटपट चाललं पाहिजे. आणि किंमत २९९ डॉलरच्या वर जाता कामा नये.

१९९६ साली पामचा पायलट १००० आला तो या चारही अटी पाळून. त्याची स्मृती होती १२८ किलोबाइट. आज आठ जीबी रॅमचा फोन सर्रास मिळतो; हिशेब केला तर ती ६५ हजार पटींहून जास्त भरते. पण पायलटच्या खालच्या कडेला चार बटणं होती, एकेका कामाचं एकेक. यंत्र बंद असलं तरी कॅलेंडरचं बटण दाबलं की आजचा दिवस समोर. दोन बारीक सेलांवर आठवडेच्या आठवडे चालायचं. घरी आल्यावर स्टँडवर ठेवून एक बटण दाबलं की सगळ्या नोंदींची दुसरी प्रत आपल्याच संगणकात. सेल पूर्ण उतरले तर यंत्रातलं सगळं पुसलं जायचं, हा त्याचा मोठा दोष होता. तेव्हा ती दुसरी प्रतच कामाला यायची. दोन्ही प्रती मालकाच्या घरात, तिसरी कुठेही नाही.

मग पैशाचा पूर आला. २ मार्च २००० रोजी पामचा शेअर ३८ डॉलरला विक्रीला आला आणि संध्याकाळी ९५ डॉलरवर बंद झाला. पामचे बहुतेक शेअर अजून थ्रीकॉम या तिच्या पालक कंपनीकडेच होते, तरी बाजाराने लेकीची किंमत आईपेक्षा जास्त लावली. दहा वर्षांनी, २०१० मध्ये, एचपीने पाम विकत घेतली ती १२० कोटी डॉलरला, आणि पुढच्याच वर्षी तिचे फोन आणि टॅबलेट बंद केले.

फोन जिंकला तो न्यायाने जिंकला, हे मोकळेपणाने सांगायला हवं. माणसं दोन ठिकाणी नंबर लिहीत बसत नाहीत. फोन लावायचा फोनवरून, तर नंबर तिथेच असणार. आणि फोन घरी विसरून चालत नाही, ऑर्गनायझर विसरून चालतो. हे सगळ्यांत आधी ओळखलं ते ऑर्गनायझर बनवणाऱ्यांनीच. हॉकिन्स आणि डोना डुबिन्स्की पाममधून बाहेर पडले, त्यांनी हँडस्प्रिंग काढली, व्हायजर नावाचा ऑर्गनायझर खपवला, त्यात फोन बसवण्याची सोय केली, आणि २००२ मध्ये ट्रिओ आणून स्वतःच्याच ऑर्गनायझरवर फुली मारली. दुसऱ्या बाजूने नोकियाने १९९६ मध्येच कम्युनिकेटर आणला होता. वजन जवळपास चारशे ग्रॅम. पण दिशा बरोबर होती.

आपल्याकडे तर हा सामना कधी बरोबरीचा झालाच नाही. नव्वदच्या दशकात डिजिटल डायरी असायची ती आखातातून कुणी आणलेली, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटातून घासाघीस करून घेतलेली. तिच्यात देशपांडे लिहायचं ते रोमन अक्षरांत. पामवर लिहायची ग्राफिटी लिपीही रोमनच. बहुसंख्य मराठी माणसांनी पहिला ऑर्गनायझर हातात धरला तो फोनच्या रूपात. आज दुधाचा हिशेब, मुलाच्या लसीची तारीख मराठीत बोलून नोंदवता येते, बी-बियाण्याच्या पावतीचा फोटो काढून ठेवता येतो. ज्याने कधी वहीत चार ओळी लिहिल्या नाहीत तो माणूस आज नोंद ठेवतो. ही फोनची कमाई आहे आणि ती कुणी कमी लेखू नये.

पण भारतात एक वेगळा प्रयत्नही झाला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीतल्या अभियंत्यांनी मिळून सिम्प्युटर उभा केला. लिनक्सवर चालणारं, हातात मावणारं, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवू शकेल असं यंत्र. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने २००४ मध्ये त्याचं अमिडा हे रूप विक्रीला आलं. सुरुवातीची किंमत दहा हजार रुपयांच्या आसपास. त्यातली खरी बुद्धी होती स्मार्ट कार्डच्या खाचेत. यंत्र गावाचं, कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घाला, आपलं काम करा, कार्ड काढून घरी न्या. पुढच्या माणसाला तुमचं काही दिसणार नाही. यंत्र खपलं नाही, तोवर फोन स्वस्त होत चालले होते. आज कित्येक घरांत एकच स्मार्टफोन असतो; त्यावर मुलाची शाळा, बापाचं बँकखातं आणि आईची दवाखान्याची तारीख एकाच खात्यात एकमेकांवर रचलेली असते. सिम्प्युटरवाल्यांनी तो प्रश्न ओळखला होता आणि त्याला उत्तरही दिलं होतं. ते उत्तर आपण यंत्राबरोबरच अडगळीत टाकलं, हे मला फार लागतं.

आता सायनचं पाहा. लंडनची ही कंपनी १९८४ पासून ऑर्गनायझर बनवत होती. १९९७ चा सिरीज ५ आणि त्याचा कीबोर्ड आठवून माणसं आजही हळहळतात. तिच्याच प्रणालीतून सिंबियन निघाली, जिच्यावर पुढे नोकियाचे स्मार्टफोन चालले. २००१ मध्ये सायनने घरगुती ग्राहकाचा नाद सोडला आणि ती गोदामांसाठी, मालवाहतुकीसाठी हातातली यंत्रं बनवत राहिली. २०१२ मध्ये ती मोटोरोला सोल्युशन्सने घेतली, २०१४ मध्ये तो व्यवसाय झेब्राकडे गेला. गोदामात बारकोड टिपणाऱ्या कामगाराच्या हातातल्या यंत्रांत तो वारसा अजून चालू आहे.

म्हणजे हातातलं वेगळं यंत्र मेलेलं नाही. जिथे मालकाला मिनिटाची किंमत मोजावी लागते तिथे ते ठणठणीत आहे. एसटीच्या वाहकाकडे तिकिटाचं यंत्र आहे. आता ते अँड्रॉइडवर चालतं, म्हणजे आत जवळपास फोनच. पण वाहकाने गाडीत उभं राहून यंत्र हाती घेतलं की समोर तिकीट येतं. क्रिकेटचा स्कोअर येत नाही, वहिनींनी पाठवलेलं सुप्रभात येत नाही, कर्ज घ्या म्हणून कुणी मागे लागत नाही. महामंडळाने तसं मागितलं म्हणून तसं मिळालं. आपल्याला मिळत नाही, कारण आपण कधी मागितलंच नाही.

आपल्या खिशातल्या फोनवर साधी नोंद करायची तर काय होतं? उघडताच चार सूचना लोंबकळत असतात. त्यातली एक बघावीशी वाटते. ती बघून होईपर्यंत कशासाठी फोन उघडला ते डोक्यातून गेलेलं असतं. घरच्या कोनाड्यातली वही आणायला दर वेळी भर बाजारातून जावं लागावं, तशी ही गत. हा माणसांच्या शिस्तीचा दोष आहे असं जे म्हणतात त्यांचं मला मुळीच पटत नाही. पामने यंत्र विकलं की पैसे मिळायचे; नंतर तुम्ही ते दिवसातून तीनदा उघडा की तीस वेळा, कंपनीला फरक पडत नव्हता. म्हणून टिचक्या कमी करण्यात तिचा फायदा होता. आजच्या फोनवरच्या बहुतेक फुकट अॅपांना तुम्ही जितके जास्त वेळ रेंगाळाल तितके पैसे मिळतात. मग टिचक्या कमी कोण करणार?

दुसरी गोष्ट मालकीची. फोन लोकलमध्ये चोरीला गेला तरी नंबर परत मिळतात, कारण त्यांची प्रत कंपनीच्या संगणकात असते. ही सोय मोठी आहे, पायलटच्या उतरलेल्या सेलांपेक्षा कितीतरी बरी. पण खातं बंद पडलं, पासवर्ड गेला, किंवा वडील गेले आणि त्यांच्या फोनचं कुलूप घरात कुणालाच माहीत नाही, तर आयुष्यभराच्या नोंदी दाराबाहेरून बघत बसायच्या. जुन्या वहीला कुलूप नव्हतं आणि ती उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मला पाम परत नको आहे. मला फोन बनवणाऱ्यांकडून हॉकिन्सच्या अटी परत हव्या आहेत. बंद पडद्यावरून एका बटणात आजचा दिवस दिसावा. त्या पानावर दुसऱ्या कुणाची सूचना येऊ नये. नेट नसताना आणि खातं न उघडताही नोंद व्हावी. एका फोनवर घरातल्या चौघांच्या नोंदी वेगळ्या राहाव्यात, आणि ही सोय महागड्या फोनपुरती नसावी. यातलं काहीही अवघड नाही. एसटीच्या तिकीट यंत्राने निम्मं काम करून दाखवलेलंच आहे.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. पत्ते व्हीकार्डमध्ये आणि कॅलेंडर आयकॅलेंडरमध्ये उतरवता येतं. या दोन्ही पद्धती ऑर्गनायझरच्या काळातच आकाराला आल्या, आणि बहुतेक कंपन्यांचे फोन त्या वाचतात. संपर्काच्या अॅपमध्ये निर्यात असा पर्याय असतो. तो दाबला की सगळ्या नंबरांची एक छोटी फाइल तयार होते. कॅलेंडरसाठी बहुधा संगणकावरून खातं उघडावं लागतं. दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर टाका, आणि पेनड्राइव्ह कुठल्या खणात आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.