फायरवॉलकाका

फायरवॉलकाका तुमच्याशी बोलत असतात तेव्हा तुमच्याकडे बघत नसतात. त्यांची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर उजवीकडे खाली, घड्याळाच्या जरा वर खिळलेली असते, कारण सूचनांच्या चौकटी तिथून उगवतात. लॅपटॉप समोर नसला तरी नजर तिथेच. गणपतीच्या आरतीतसुद्धा ते मूर्तीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बघत टाळ्या वाजवतात. त्या कोपऱ्यात उंदीर बसवलेला असल्यामुळे नव्या मंडळींना वाटतं, काय ही भक्ती! मूषकाकडेसुद्धा दुर्लक्ष नाही!

जिथे पाच मराठी घरं आणि वाय-फाय आहे तिथे असे एक काका असतातच. कोथरूडला असतात, ठाण्याला असतात. पण हॅनोव्हरचा नग वेगळा, त्याला गावाचं पाणी लागलेलं आहे. 2000 साली जर्मन सरकारने संगणकवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं, त्या लाटेत काका चिंचवडहून इथे आले. येताच त्यांना 2001 सालचं सेबिट प्रदर्शन बघायला मिळालं. संगणकाच्या त्या जत्रेला त्या वर्षी आठ लाखांवर माणूस लोटलं होतं. काकांनी तिथून आणलेल्या फुकट पिशव्यांतून काकू आजही भाजी आणतात. 2018 मध्ये सेबिट कायमचं बंद झालं तेव्हा काका आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाहीत. ‘त्सेटे’ हे संगणकाचं नियतकालिकही 1983 पासून याच शहरातून निघतं आणि त्याचे जुने अंक काकांच्या तळघरात छताला टेकले आहेत. सायकल ठेवायला जागा नाही, म्हणून सायकल बैठकीच्या खोलीत.

पुण्याहून पाहुणे आले की काका त्यांना आधी हेरेनहाऊझेनची बाग दाखवत नाहीत. गणितज्ञ लायब्निझ आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं या गावात राहिला, शून्य आणि एक या दोनच आकड्यांच्या गणितावरचा त्याचा लेख 1703 चा, त्याचं गणकयंत्र इथल्या ग्रंथालयात जपून ठेवलंय, हे सगळं स्टेशनवरून घरी येईपर्यंत सांगून होतं. पाहुण्यांना भूक लागलेली असते. मग काका त्यांना लायब्निझच्याच नावाचं बावन्न दात्यांचं बिस्किट देतात. तेही इथलंच. आणि बिस्किट पाहुण्याच्या तोंडात गेलं की चोरीची गोष्ट सुरू होते.

ही गोष्ट खरी आहे. बिस्किटवाल्या बाल्सेन कंपनीच्या इमारतीवर शंभरेक वर्षं एक सोनेरी बिस्किट टांगलेलं होतं. वजन वीस किलोच्या आसपास. 2013 च्या जानेवारीत ते गेलं. चोराने बिस्किटखाऊ राक्षसाचा पोशाख घालून काढलेला फोटो पाठवला आणि रुग्णालयातल्या मुलांना बिस्किटं वाटा अशी खंडणी मागितली. फेब्रुवारीत ते बिस्किट विद्यापीठासमोरच्या घोड्याच्या पुतळ्याच्या गळ्यात सापडलं. चोर शेवटपर्यंत सापडला नाही. अख्खं हॅनोव्हर यावर हसलं. काका हसले नाहीत. “शंभर वर्षं उघड्यावर टांगलं होतं आणि एक अलर्ट नाही,” असं म्हणून ते पाहुण्याच्या लॅपटॉपकडे हात पुढे करतात.

काकांचा व्यवसाय नेटवर्कचा आहे असा समज असेल तर तो काढून टाका. ते एका कारखान्याच्या खरेदी विभागाचं सॉफ्टवेअर सांभाळतात. नेटवर्क हा धंदा असता तर रात्री झोप लागली असती.

झोप उडाली ती 2004 च्या मे महिन्यात. त्या वेळी सासर नावाचा किडा जगभरच्या विंडोज संगणकांत घुसला. काही उघडावं लागत नव्हतं, कशावर टिचकी मारावी लागत नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला आहे एवढा गुन्हा पुरत होता. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि यंत्र बंद पडायचं. काकांनी ती मोजणी प्रत्यक्ष पाहिली आहे आणि ते ती आवाजासकट करून दाखवतात. पुढे कळलं की हा किडा लिहिणारा नुकतीच अठरा पूर्ण केलेला पोरगा वाफेन्झेन गावचा, म्हणजे हॅनोव्हर ज्या राज्याची राजधानी त्याच लोअर सॅक्सनीतला. मायक्रोसॉफ्टने खबर देणाऱ्यांना अडीच लाख डॉलर दिले. पोराला पुढच्या वर्षी फेर्डेनच्या कोर्टात एकवीस महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. “आपल्या जिल्ह्यातलं पोर हो!” असं काका सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात भीती किती आणि अभिमान किती, हे काकूंनाही अजून ठरवता आलेलं नाही.

2004 च्याच ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीची फायरवॉल, म्हणजे संगणकाच्या दारावरचा पहारेकरी, आपोआप चालू होऊन येऊ लागली आणि जगाचा प्रश्न बराचसा सुटला. काकांचा तिथून सुरू झाला. विंडोजची फायरवॉल गुपचूप काम करते, हे त्यांना पसंत नाही. आपण केलेलं काम दहा वेळा सांगत नाही तो माणूस त्यांना मुळातच संशयास्पद वाटतो. म्हणून त्यांनी दुसरी फायरवॉल आणली, जी अडवलेली प्रत्येक गोष्ट बोलून दाखवते. घरातल्या यंत्रांना काकांनी किल्ल्यांची नावं दिली आहेत. लॅपटॉप राजगड, लेकीचा तोरणा, टीव्ही सिंहगड, प्रिंटर पुरंदर. त्यामुळे जेवताना चौकट वर आली की काका घास खाली ठेवून ओरडतात, “तोरण्यावरून राजगडावर हल्ला!” लेक शेजारच्या खोलीत गाणी ऐकत असते.

या हल्ल्यांचा एक नमुना असा: 192.168.178 ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून 224.0.0.251 कडे, पोर्ट म्हणजे दार नंबर 5353, अडवलं. काकांनी दोन्ही पत्ते कोणाच्या नावावर आहेत ते शोधलं. दोन्हीपुढे एकाच अमेरिकन संस्थेचं नाव आलं, गाव लॉस एंजेलिस. झालं! काकांनी रात्री दीडपर्यंत बसून इंग्रजीत तक्रार लिहिली. ती संस्था म्हणजे आयाना. जगभरच्या इंटरनेट पत्त्यांचं खातं सांभाळणं हे तिचं काम आणि जे पत्ते कोणा एकाचे नाहीत ते तिच्या नावावर मांडलेले असतात. काकांसारखे इतके लोक तिला दम देतात की ‘आम्ही तुमच्यावर हल्ला करत नाही’ असा खुलासा तिने कायमचा लावूनच ठेवला आहे. काकांनी तो वाचला. “कर नाही त्याला डर कशाला,” एवढंच म्हणाले.

आता 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1994 पासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. 10 ने सुरू होणारे आणि 172.16 ते 172.31 हेही त्यातलेच. इंटरनेटवर ते चालत नाहीत, घरातल्या घरात चालतात. तेव्हा अलर्टमध्ये असा पत्ता दिसला तर बोलणारं यंत्र तुमच्याच घरच्या नेटवर्कवर आहे. 224 ते 239 ने सुरू होणारा पत्ता कोणा एकाचा नसतो, तो गटाचा. शेवटी 255 असेल तर हाक घरातल्या सगळ्यांना. वाड्याच्या चौकात उभं राहून कोणी “विरजण आहे का कोणाकडे?” असं ओरडलं तर ज्याच्याकडे आहे तो ओ देतो आणि बाकीचे आपलं काम करतात. टीव्ही, प्रिंटर, फोन दिवसभर हेच करतात. 5353 वर ‘इथे प्रिंटर कोण?’, 1900 वर ‘गाणी वाजवणारं कोणी आहे का?’. प्रत्येक हाकेला आपले काका काठी घेऊन चौकात.

बरं, ‘अडवलं’ म्हणजे काम झालं, आता तुम्ही भात खा, असा त्या चौकटीचा अर्थ असतो. तो काकांना कोणी सांगायचा?

शेजारच्या जर्मन आजींकडे संगणक दुरुस्त करायला गेले तर तिथे आणखी घोटाळा. आजींच्या लॅपटॉपचा पत्ता 192.168.178.20. काकांच्या राजगडाचा तोच! म्हणजे आजी आमची लाइन वापरतात! वस्तुस्थिती अशी की जर्मनीत घरोघरी फ्रिट्झबॉक्स नावाचा राउटर असतो, तो स्वतःला 192.168.178.1 म्हणवतो आणि बाकीच्यांना वीसपासून पुढे नंबर वाटतो. आजींनी काकांना केक दिला. काकांनी तो खाल्ला, पण घरी येऊन वाय-फायचा पासवर्ड बदलला.

पासवर्डाच्या बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूने आहे. 2010 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं होतं की घरच्या वाय-फायला नीट कुलूप नसेल आणि परक्याने त्यावरून काही बेकायदा केलं, तर नोटिशीचा त्रास मालकाला. एखादा सिनेमा फुकट उतरवून घेतल्याबद्दल वकिलाचं शेकडो युरोंचं पत्र आल्यावर पांढरे पडलेले विद्यार्थी प्रत्येक भारतीय मंडळात सापडतात. 2017 मध्ये कायदा बराच सैल झाला. काकांनी तो बदल अजून मंजूर केलेला नाही. त्यांच्याकडे पाहुण्याला चहा लगेच मिळतो, वाय-फाय ओळखपरेडीनंतर.

मागच्या दिवाळीत तर चीन घरात शिरलं. राउटरच्या यादीत एक अनोळखी यंत्र दिसलं, बनवणारी कंपनी एस्प्रेसिफ. बहुतेक यंत्रांच्या हार्डवेअर पत्त्याच्या सुरुवातीवरून कंपनी कळते, त्यामुळे हे नाव खरं होतं. काकांना आधी वाटलं कॉफीचं मशीन. मग कळलं, शांघायची चिपवाली कंपनी. काकांनी सगळं घर पालथं घातलं. शेवटी राउटरवरून त्या यंत्राला हाकलून दिलं, आणि त्याच क्षणापासून काकूंचा आकाशकंदील फोनवरून लागेना. काकूंनी चाळीस युरोत तीन स्मार्ट प्लग आणले होते, त्यातला एक गॅलरीत होता.

“अहो, तुमच्या चीनला आत घ्या, अंधार झालाय,” काकू म्हणाल्या.

काकू या प्रकरणातला खरा बळी. काकांनी विंडोजमध्ये घरच्या नेटवर्कला ‘सार्वजनिक’ ठरवून टाकलंय. ही सोय हॉटेलात, स्टेशनवर, वसतिगृहात वापरायची, तिथे ती हवीच. घरात वापरली की यंत्रं एकमेकांना ओळख देत नाहीत. पुरंदर तेव्हापासून पडलेला आहे. छापायचं असेल तर काका पेन ड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत जातात, आणि कितीतरी विषाणू एके काळी याच पेन ड्राइव्हवरून फिरायचे हे त्यांच्याच तळघरातल्या अंकांमध्ये छापलेलं आहे. काकू आपलं तिकीट कोपऱ्यावरच्या दुकानात दहा सेंटला छापून आणतात.

लेक इथल्याच लायब्निझ विद्यापीठात संगणकशास्त्र शिकते. तिने एकदा फराळाच्या दिवशी सगळ्यांसमोर बाबांची परीक्षा घेतली. दहा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, त्याला ‘मी चोर आहे’ असं नाव दिलं आणि बाबांच्या लॅपटॉपवर गुपचूप चालू केला. काका तेव्हा सासरच्या साठ सेकंदांवर आले होते. “एकोणचाळीस, अडतीस...” चौकट वर आली: ‘मी चोर आहे’ हा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ इच्छितो. जाऊ द्यायचं का? मोजणीत खंड पडू न देता काकांनी ‘हो’ दाबलं.

खोलीत कोणी चकली चावेना.

“बाबा, तू वाचलंस का काय लिहिलं होतं?”

“दिवसाला दोनशे येतात. सगळे वाचत बसलो तर लक्ष कधी ठेवू?”

काकांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात खरं वाक्य. दोनशे हाकांत चोराची एक हाक बुडते आणि हात सवयीने ‘हो’वर जातो. लेकीने मग त्यांना समजावलं की आधी दिशा बघ. बाहेर कोण जातंय हे महत्त्वाचं, त्यातही तू न बसवलेला प्रोग्राम. घरातल्याच अनोळखी यंत्राने 445 नंबरचं दार ठोठावलं तर खुशाल उठ, कारण सासर त्याच दाराने आला आणि 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा किडाही. स्वस्तातला कॅमेरा आणलास तर त्याचे अपडेट येतात का ते बघ. बाकी टीव्हीला बोलू दे. काकांनी मान डोलावली. नजर खाली उजवीकडे.

तेव्हा हॅनोव्हरला राहायला येणार असाल तर काकांना जरूर बोलवा. रविवारी बोलवा. त्या दिवशी इथे दुकानं बंद, भिंतीला भोक पाडायची सोय नाही, काचेच्या बाटल्या टाकायलाही बंदी, त्यामुळे काका मोकळे असतात. ते राउटरला चांगला पासवर्ड घालून देतील आणि अपडेट आपोआप यायची सोय करून देतील. ही दोन कामं त्यांच्याइतकी नीट कोणी करत नाही आणि ते पैसेही घेत नाहीत. मात्र काही छापायचं असेल तर ते यायच्या आधी छापून घ्या.