नव्व्याण्णवचा फेरा

यंत्रमागांच्या भिवंडीत धामणकर नाक्यापासून अंजूर फाट्यापर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, एखादा पायलट भेटतोच. तो विमानात बसलेला नसतो, पण गल्ली त्याला पायलट म्हणते आणि तो ओ देतो. वय विशीच्या पुढे, बारावीला गणित आणि फिजिक्स, मग पदवी. केस बारीक कापलेले आणि तोंडात सदा एकच शब्द, स्कोअर. टपरीवर कटिंग हातात घेऊन तो बजावतो, ‘नुसतं पास होऊन भागत नाही भाऊ, स्कोअर कॉम्पिटिटिव्ह पाहिजे!’ माझं म्हणणं असं की, या माणसाची सगळी गंमत त्या एका शब्दात आहे. ज्या चाचणीत त्याला स्कोअर मारायचाय, ती उमेदवाराला स्कोअर सांगतच नाही.

आधी हवाई दलाची पद्धत पाहू. पहिली पायरी एएफकॅट ही प्रवेश परीक्षा. 100 प्रश्न, 300 गुण, चूक उत्तराला एक गुण वजा. इथे आपला पायलट राजा असतो, कारण क्लास, गाइड, सराव-प्रश्न ही त्याची जन्मभूमीच. पुढे डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा एखाद्या ठिकाणचं निवड-बोर्ड लागतं आणि उडण्याची शाखा मागणाऱ्यांना सीपीएसएस ही संगणकावरची वैमानिक-चाचणी द्यावी लागते. हिचा जुना अवतार म्हणजे पीएबीटी. त्यात हात स्टिकवर, पाय पेडलवर, डोळा पळत्या ठिपक्यावर आणि मध्येच लागणारे दिवे नि भोंगे बंद करायचे. उमेदवाराला शेवटी कळतं ते पास की नापास, एवढंच. नापास झाला तर हवाई दलात वैमानिक होण्याचा दरवाजा जन्माचा बंद. अमेरिकी हवाई दलात मात्र पीसीएसएम नावाचा आकडा मिळतो, 1 ते 99. विमान चालवल्याचे तास जोडले की तो वाढतो. आपला पायलट रात्री तिकडचे व्हिडिओ बघतो आणि सकाळी ‘नव्वदच्या वर पाहिजे’ म्हणत उठतो. परीक्षा इथली, फूटपट्टी तिथली!

त्याची तयारी मात्र पाहण्यासारखी. प्लास्टिकची खुर्ची, पेडल म्हणून दोन विटा, स्टिक म्हणून भंगारात निघालेला मागाचा लाकडी धोटा, समोर डब्याला टेकवलेला मोबाइल. भोंगा म्हणून कुकरची शिट्टी. ती झाली की डाव्या हाताने गॅस बंद करायचा. आई म्हणते, ‘पायलट हो की नको होऊ, वरण तरी करपत नाही.’ आणि याच खोलीखालच्या कारखान्यात एकच कारीगर सहा-सहा माग सांभाळतोय. कांडी कुठल्या मागाची संपली, सूत कुठे तुटलं, हे त्या खटखटाटात त्याला कानानेच कळतं. चाचणीला पाहिजे ती लक्ष वाटून ठेवण्याची कला गावभर राबते आहे आणि पायलट ती शिकायला अमेरिकेत गेलाय.

यावर कोणी म्हणेल, असं असतं तर अर्धी भिवंडी आभाळात दिसली असती. मान्य. माग म्हणजे विमान नव्हे, आणि पहिल्या महायुद्धात चांगला घोडेस्वार तो चांगला वैमानिक असं समजणाऱ्यांसारखी घाई मी करणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने उमेदवारांना 1 ते 9 असे दर्जे देऊन पाहिलं, तेव्हा खालच्या दर्जाचे बहुतेक प्रशिक्षणात गळाले आणि वरचे बहुतेक टिकले. म्हणजे चाचण्या थोतांड नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अंगचा कल मोजायचा असेल, तर सराव फुकटच ना? तसंही नाही. सरावाने काहीच फरक पडत नसता, तर दुसरी संधी नाकारायचं कारणच काय होतं? ‘जन्मात एकदाच’ हा नियम म्हणजे बोर्डाने आपल्या पायलटला दिलेली चोरटी दादच आहे. विमानातल्या घड्याळांच्या काट्यांची, स्टिकची आधी ओळख असलेली बरी, इथवर तो शहाणा आहे. चुकतो तो पुढे, ओळखीला पोर्शन समजतो तिथे. पण तो तरी काय करणार? पहिलीपासून त्याला घरात, वर्गात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न आला: ‘किती पडले?’ जिथे आकडा नाही तिथे पेढे नाहीत, हे त्याने आपल्याकडूनच उचललंय.

आणि एक आकडा बोर्डाकडेही आहे, तोही 99 च. वैमानिकाच्या पायाची लांबी किमान 99 सेंटिमीटर लागते. म्हणून पायलट रविवारी शिंप्याची टेप मागून आणतो, भिंतीला पाठ लावून बसतो, पाय ताणतो आणि धाकट्याला मापायला लावतो. साडेअठ्ठ्याण्णव. ‘नीट धर ना!’ पुन्हा साडेअठ्ठ्याण्णव. कापडाच्या गावात कापड ताणून मीटरभर वाढवणारे पुष्कळ, पण टेप कोणाला ताणता आलेली नाही. या अर्ध्या सेंटिमीटरला ना क्लास, ना गाइड, ना वजा गुण. तरी उद्या तो गांधीनगरहून परतेल तेव्हा कल्याण नाक्यावर उतरताच कोणीतरी विचारेलच, ‘काय पायलट, किती पडले?’ आणि निकाल काहीही लागलेला असो, तो छाती काढून एएफकॅटचे गुण सांगेल. तीनशेपैकी.